कनू सरळ का जात नाही?

कॅनडात उन्हाळा लागला की तंबू आणि शिधा कनूत, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या नावेत टाकून लोक तळ्यातळ्यांतून चार दिवस भटकायला निघतात. नवख्यांची पहिली तक्रार ठरलेली: कनू सरळ जात नाही! दोष ताकदीचा नसतो. मागे बसलेला डावीकडे वल्हवत असेल, तर नाव उजवीकडे वळते. पुढच्याने उजवीकडे वल्हवले तरी मागच्याचीच ओढ भारी पडते, आणि मग दर दोन हातांना बाजू बदलण्याची धांदल सुरू होते. त्यात लय मोडते, ठिबकणाऱ्या पाण्याने दोघेही भिजतात.

यावर खरा इलाज म्हणजे जे-स्ट्रोक, म्हणजे शेवटी इंग्रजी J सारखे वळण घेणारी वल्हवण्याची पद्धत, आणि ती मागच्याने शिकायची. एक हात वल्ह्याच्या मुठीवर, दुसरा पात्याच्या थोडा वर. धड वळवून पाते पुढे पाण्यात पूर्ण बुडवा, दांडा शक्य तितका उभा ठेवा आणि पाठीच्या जोराने ओढा. नुसते दंड वापरले तर तासाभरात खांदे भरून येतात. पाते कमरेशी आले की जोर संपवा. आता मुठीवरच्या हाताचा अंगठा खाली फिरवा आणि पाते नावेपासून हलकेच बाहेर ढकला. बहुतेकांचा अंगठा वर जातो. तसेही नाव वळते, पण वेग मरतो. ही एक सवय सुरुवातीलाच मोडावी, नंतर फार जड जाते.

पुढच्याने ठेका धरायचा आणि खडकांवर नजर ठेवायची.

लाटा उठल्या की बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा, नाव लगेच स्थिरावते. सामान तळाशी, मधोमध आणि बांधलेले हवे. समोरून वारा असेल तर थोडे वजन पुढे सरकवा. नाहीतर हलके टोक वाऱ्याने फिरते आणि कितीही वल्हवा, सरळ होत नाही.

कॅनडाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकासाठी मापाचे लाइफजॅकेट नावेत हवे, शिवाय शिट्टी, पाणी उपसायचे भांडे आणि किमान १५ मीटरची तरंगती दोरी. जॅकेट मात्र अंगावरच घाला, बंद लावून. नाव उलटली तर पोहत किनारा गाठायचा मोह टाळा: उलटी कनूसुद्धा तरंगते, तिला धरून राहा. वाहत्या नदीत मात्र प्रवाह येतो त्या बाजूला व्हा, म्हणजे नाव आणि खडक यांच्यामध्ये सापडणार नाही.