दोन हातांवरून एका हातावर : माझा बॅकहँड

डावं मनगट करंगळीच्या बाजूने दुखायला लागलं तेव्हा घरच्यांना प्रश्न पडला की ही टेनिस खेळते उजव्या हाताने, मग डावं मनगट कसं दुखतंय? पण बॅकहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट्या बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका, मी दोन्ही हातांनी मारायची, आणि त्यात खरा जोर डाव्या हाताचाच असतो. जवळजवळ डाव्या हाताने मारलेला फोरहँडच म्हणा ना. फिजिओथेरपी झाली, विश्रांती झाली, बरं वाटलं की कोर्टवर जायचं आणि दुखणं परत हजर. शेवटी क्लबातले सर म्हणाले, "एका हाताने मारून बघूया का?"

मला ते अवघड वाटलं, कारण ज्यांनी असा बदल केला ती मंडळी तेव्हा लहान होती. सॅम्प्रस आणि एडबर्ग हे नामवंत खेळाडू दोघेही मुळात दोन हातांनी मारायचे, चौदाच्या आसपास एका हातावर आले. डॉमिनिक थीम तर त्याहूनही लहान होता. माझी चाळिशी उलटलेली. पण बेल्जियमच्या जस्टिन एनाँची आठवण धीर देऊन गेली. जेमतेम साडेपाच फूट उंची, आणि एका हाताच्या बॅकहँडवर फ्रेंच ओपन चार वेळा जिंकली : २००३, २००५, २००६, २००७. म्हणजे हा फटका दंडाच्या ताकदीवर चालत नाही, एवढं नक्की.

सुरुवात ग्रिपपासून झाली. रॅकेटच्या दांड्याला आठ पैलू असतात. तर्जनीच्या मुळाचा सांधा सगळ्यात वरच्या पैलूवर आला पाहिजे. ही पकड बदलायला उजव्या हाताने चाचपडायचं नाही. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरायचा आणि त्यानेच रॅकेट फिरवून द्यायची. मग डावा हातच रॅकेट मागे नेतो आणि त्याच्याबरोबर खांदे वळतात, इतके की समोरच्याला आपली पाठ थोडी दिसली पाहिजे. उजवा पाय पुढे टाकायचा आणि चेंडू त्या पायाच्याही पुढे घ्यायचा, हात सरळ ठेवून. दोन हातांनी खेळताना चेंडू थोडा जवळ आला तरी निभावतं, इथे निभावत नाही. उशीर झाला की कोपर वाकतं, मनगट ढिलं पडतं आणि सगळा भार कोपरावर येतो. टेनिस एल्बोला, म्हणजे कोपराच्या दुखण्याला, आमंत्रण असंच जातं.

सर पहिल्यांदा समजावून गेले, पण रोजची मेहनत आमच्या मार्करची, म्हणजे क्लबात सराव देणाऱ्याची. तो नेटजवळ उभा राहून हाताने चेंडू टाकायचा, आणि मी मारला की ओरडायचा, "मॅडम, तसंच थांबा!" मी पुतळ्यासारखी थांबायची. मग तो यायचा आणि माझं पोट कुठे बघतंय ते दाखवायचा. "हे बघा, नेटकडे. कोर्टाच्या बाजूच्या जाळीकडे पाहिजे. खांदा आधी उघडतोय." उपाय त्याच्याकडे एकच होता : रॅकेट पुढे सुटली की डावा हात मागे सोडायचा, पार मागच्या जाळीच्या दिशेने. तो मागे गेला की छाती आपोआप आडवी राहते आणि उजवा हात मोकळा, सरळ जातो. फेडररचा फटका संथ करून पाहिला की हेच दिसतं : डावा हात मागे पसरलेला, आणि चेंडू निघून गेल्यावरही नजर जिथे तो लागला तिथेच. एका हाताने मारणाऱ्या गास्केची रॅकेट मागे किती उंच जाते, वावरिंकाचा हात किती आधी सरळ होतो, हे फरक मला पूर्वी कधी दिसलेच नव्हते. आता मॅच बघताना आधी डाव्या हाताकडेच लक्ष जातं.

डाव्या मनगटावरचा भार गेला, दुखणंही ओसरलं. उंच चेंडू मात्र छळत राहिले. आमची कोर्ट मातीची, टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या दिशेने गरगरत येणारा चेंडू खांद्यापर्यंत उसळतो आणि तिथे एका हाताला जोरच लागत नाही. नादालने वर्षानुवर्षं फेडररला असंच पिडलं. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला फेडरर मागे हटला नाही, चेंडू वर चढायच्या आत पुढे येऊन मारत राहिला. हातात आधीच्या ९० चौरस इंच जाळीच्या रॅकेटऐवजी ९७ची, म्हणजे मोठी रॅकेट होती. पाच सेट्समध्ये जिंकला. इतक्या लवकर चेंडू घेण्याचे पाय माझ्याकडे नाहीत. म्हणून मी स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारायचा फटका, शिकले, आणि त्याचा आदर्श मला इथेच दिसला. २०१९ला पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल झाली तेव्हा ३९ वर्षांचा कार्लोविच बॅकहँडला बहुतेक स्लाइसच करत होता आणि अँडरसनविरुद्ध तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे सहा-सहा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत गेले. हरला, पण चेंडू कसा खाली ठेवायचा ते मला तिथे कळलं.

फेब्रुवारी २०२४मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ला क्रमवारी सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. सर्व्हिसचा वेग आणि टॉपस्पिन बघता कारण समजतं, तरी मला फार लागलं ते. त्याच वर्षी एका हाताने बॅकहँड मारणारा मुसेट्टी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला तेव्हा मी आणि मार्कर दुसऱ्या दिवशी कोर्टवर तेवढंच बोलत होतो.

सध्या काम चालू आहे ते रिटर्नचं, म्हणजे समोरची सर्व्हिस परतवण्याचं. डबल्सला मी मुद्दाम डावी बाजू मागून घेते, म्हणजे बाहेर जाणारी सर्व्हिस बॅकहँडलाच येते. वेगवान असेल तर रॅकेट मागे न नेता नुसती आडवी धरायची, हळू असेल तर पूर्ण मारायचा. पहिला प्रकार जमतोय. दुसऱ्यात खांदा अजून कधीकधी लवकर उघडतो, आणि पलीकडच्या कोर्टवरून मार्करचा आवाज येतो, "मॅडम, डावा हात!"