सिंगापूर ते न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ मोजताना

औषध ठरावीक तासांच्या अंतराने घ्यायचे असले की दूरच्या विमानप्रवासात स्थानिक घड्याळावर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्यक्ष किती तास सरणार, हे आधी ठाऊक असावे लागते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर थेट जायचे ठरले, तेव्हा म्हणूनच मी अंतर आणि वेळ दोन्ही कागदावर मांडून पाहिले.

चांगी १.३६ अंश उत्तर अक्षांशावर व १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर केनेडी ४०.६४ अंश उत्तर व ७३.७८ अंश पश्चिमेला. रेखांशांतील फरक १७७.७७ अंश, म्हणजे पृथ्वीचा जवळजवळ अर्धा फेरा. भिंतीवरच्या सपाट नकाशात या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा समुद्र आणि खंड आडवे ओलांडत जाते. गोलावर मात्र सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ स्पर्श करून जाते. त्यामुळे हिशेब विलक्षण सोपा झाला. चांगीपासून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश आणि ध्रुवापासून केनेडीपर्यंत ४९.३६ अंश, मिळून बरोबर १३८ अंश. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,०३० किलोमीटर धरला तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात, आणि अंतर येते साधारण १५,३४५ किलोमीटर. त्रिकोणमितीच्या पूर्ण सूत्राने पडताळल्यावर त्यातून जेमतेम पाच-सहा किलोमीटर कमी झाले. शाळेत शिकलेले अक्षांश-रेखांश इतके थेट उपयोगी पडतात, याचा मला मनापासून आनंद झाला.

वेळेचे गणित इतके सरळ नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर सतरा तासांत कापले जाईल. परंतु वर चढताना व उतरताना वेग कमी असतो, आणि वेळापत्रकातला वेळ एका विमानतळावरील जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह आहेत. लंडन-न्यूयॉर्क हे सुमारे ५,५४० किलोमीटरचे अंतर पश्चिमेकडे जाताना साधारण आठ तास घेते आणि परतताना सात, ते याच वाऱ्यांमुळे. सिंगापूरहून न्यूयॉर्ककडे जाणारी विमानेही अनेकदा ध्रुवाची वाट सोडून प्रशांत महासागरावरून, लांबच्या पण अनुकूल वाऱ्याच्या मार्गाने जातात. म्हणून नकाशावरचे अंतर कायम राहिले तरी प्रत्यक्ष उड्डाण साडेअठरा तासांच्या पुढे जाऊ शकते, आणि माझ्या मते प्रवाशाने वेळापत्रकातला वेळच प्रमाण मानावा. स्वतःचा हिशेब त्याचे कारण समजण्यासाठी ठेवावा.

तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरपेक्षा हिवाळ्यात तेरा आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना बारा तास मागे असते. समजा, हिवाळ्यात मध्यरात्री निघून त्याच तारखेला पहाटे पावणेसहाला पोहोचायचे आहे, तर घड्याळात पावणेसहा तास दिसले तरी शरीराचे पावणेएकोणीस तास गेलेले असतात. म्हणून मी औषधाच्या सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहिल्या, शेजारी दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा मांडल्या आणि तो तक्ता डॉक्टरांकडून तपासून घेतला. उड्डाण लांबल्यास अडचण येऊ नये म्हणून त्यांनी जादा मात्रा सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितले, आणि मी तसेच केले.