फॉल्स लिहिलं तरी बटण बंदच

मामांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे, पेट्या थेट नाशिकमधल्या घरांपर्यंत जाव्यात म्हणून मी त्यांना बुकिंगचं एक पान करून दिलं, फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) आणि जिंजामध्ये (तिच्यात पानांचे साचे, म्हणजे टेम्प्लेट, लिहायची भाषा). माल संपला की बटण बंद व्हावं एवढीच अट होती, म्हणून मी बटणाच्या एचटीएमएल टॅगमध्ये डिसेबल्ड, म्हणजे 'बंद', लिहून त्याच्यापुढे अवतरणात 'बंद आहे का' हे व्हेरिएबल टाकलं. टेस्ट केलं तेव्हा बुकिंग बंदच होतं त्यामुळे सगळं बरोबर दिसलं. पहिला तोडा निघाला, बुकिंग सुरू केलं आणि सकाळी सात वाजता मामांचा फोन, "अरे, लोकं म्हणतात बटण दाबलंच जात नाही."

ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट करून बघितलं तर टॅगवर स्पष्ट दिसतंय, डिसेबल्ड = फॉल्स, म्हणजे 'बंद नाही'. आणि बटण तरी करडंच!

एचटीएमएलमध्ये डिसेबल्ड, चेक्ड, सिलेक्टेड, रिक्वायर्ड ही सगळी बुलियन ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्ये लिहायचे हो-किंवा-नाही प्रकारचे गुणधर्म. ब्राउझर यांची किंमत, म्हणजे पुढे लिहिलेली व्हॅल्यू, वाचतच नाही, नाव टॅगमध्ये आहे की नाही एवढंच बघतो. म्हणजे फॉल्स लिहा, 'नाही' असं लिहा, रिकामं सोडा, नाव दिसलं की बटण बंद. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये अट किमतीवर नाही, अख्ख्या ॲट्रिब्यूटवर लावायची, म्हणजे इफच्या आत डिसेबल्ड हा शब्दच यायचा किंवा यायचाच नाही. जिंजासारख्याच दुसऱ्या टेम्प्लेट भाषांपैकी लाराव्हेलच्या ब्लेडमध्ये यासाठी तयार डिरेक्टिव्ह (सूचना) आहेत, पगमध्ये फॉल्स दिलं की ॲट्रिब्यूट आपोआप गळतं.

जिंजात दहा-बारा ठिकाणी इफ लिहिले की टॅग वाचवत नाही, शिवाय इफच्या आत आधीची स्पेस विसरली की दोन ॲट्रिब्यूट एकमेकांना चिकटतात. म्हणून मी जिंजातलाच एक्सएमएलॲटर फिल्टर वापरतो. त्याला डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांची यादी) द्यायची, ज्याची किंमत नन (पायथनमध्ये 'काहीच नाही') आहे ते तो सोडून देतो, बाकीचं नीट एस्केप करून (विशेष चिन्हं सुरक्षित करून) लिहितो आणि आधीची स्पेसही स्वतःच टाकतो, मला तर हीच पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते. फक्त फॉल्स दिलं तर तो ते तसंच छापतो, म्हणून मी एक छोटं फंक्शन लिहिलं जे फॉल्स दिसलं की नन करतं, आणि ते सगळ्या टॅगना लावून टाकलं.

इथे माझं चुकलं. पंचवटीतले एक काका, त्यांना दिसत नाही, मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून ऑर्डर देतात. ते म्हणाले, "पेट्यांची यादी उघडी आहे का मिटलेली ते हा सांगतच नाही." यादी उघडी की मिटलेली हे स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट एरिया-एक्स्पांडेड, ते बुलियन नाही ना! तिथे फॉल्स हा शब्द लिहिलेलाच लागतो, तेव्हा स्क्रीन रीडर 'मिटलेलं' असं सांगतो, ॲट्रिब्यूटच गळालं तर हे उघडतं-मिटतं हेसुद्धा त्याला कळत नाही. काकांना ते बटण नुसतं बटण वाटत होतं, आणि हे मला फार लागलं. ड्रॅगेबलचंही (वस्तू ओढता येते का ते सांगणारं) तसंच, तिथेही ट्रू किंवा फॉल्स शब्दात लिहावं लागतं. व्ह्यू ही पानं बनवायची जावास्क्रिप्टची चौकट, तिची आवृत्ती व्ह्यू २ फॉल्स दिलं की बहुतेक ॲट्रिब्यूट काढून टाकायची, २०२० च्या व्ह्यू ३ मध्ये बुलियन सोडून बाकी ठिकाणी फॉल्स तसंच लिहिलं जातं आणि काढायचं असेल तर नल (जावास्क्रिप्टमधलं 'काहीच नाही') द्यायचं. ते असं का बदललं असेल हे मला काकांच्या फोननंतर पटलं.

आता माझ्या फंक्शनमध्ये बुलियन ॲट्रिब्यूटची यादी वेगळी आहे, फॉल्सचं नन फक्त त्यांच्यापुरतं होतं, आणि एरियाने सुरू होणाऱ्या नावांना ट्रू-फॉल्स शब्दातच जातं. संध्याकाळी काकांना फोन करून यादी उघडायला लावली, पलीकडून टॉकबॅकचा आवाज मला ऐकू आला, आधी मिटलेली म्हणाला, मग उघडलेली.