बर्मिंगहॅमची गाडी, बर्मिंगहॅममध्येच दंड

गेल्या थंडीत इथे बर्मिंगहॅमला एका सकाळी शेजारचे आजोबा घरातल्या सपाता फटफटवत दारात आले. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी धूर येत होता आणि इंजिन तर बंद!

गाडी पेटली नव्हती. माझ्या डिझेल रोव्हर ७५ मध्ये बॉनेटखाली एक हीटर आहे. आपला अंघोळीचा बंबच म्हणा, फक्त लाकडांऐवजी डिझेल जाळतो आणि कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, तापवतो. कंपनीने तो इंजिन चालू असताना, बाहेर कडाका असेल तरच पेटेल असा बसवला होता. मी त्याला रिमोट जोडला, म्हणजे इंजिन बंद असतानाही पेटवता येतो. आता चहा उकळेपर्यंत काचेवरचा बर्फ सुटतो. आजोबांना हे पटवायला मात्र चहा दोनदा करावा लागला.

दुसरा उद्योग थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा. या डिझेल गाड्यांचा थर्मोस्टॅट उघडाच अडकतो, मग इंजिन धड तापत नाही आणि डिझेल जास्त पितं. मूळ जागी हात घालणं जिकिरीचं, म्हणून इथले रोव्हरवेडे वेगळीच शक्कल लढवतात. रेडिएटरकडे जाणारा वरचा होज कापायचा, त्यात रेनो ५ या जुन्या फ्रेंच गाडीचा छोटा थर्मोस्टॅट सरकवायचा आणि क्लिपा आवळायच्या. मी पहिल्यांदा क्लिप ढिली ठेवली आणि अर्धा कूलंट गल्लीला पाजला. चूक माझीच. दुसऱ्यांदा नीट बसलं. आधी ६५ अंशांवर रेंगाळणारं इंजिन आता ८५ च्या वर जातं. हे सगळं विमा कंपनीला कळवावं लागतं बरं का. लपवलं तर ऐन वेळी क्लेम नाकारू शकतात.

माझी गाडी २००३ ची, बर्मिंगहॅमच्याच लाँगब्रिज भागातल्या कारखान्यात बनलेली. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर अवघ्या १० पौंडांत विकली आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली. सुमारे ६,००० लोकांची नोकरी गेली. त्या जागेच्या मोठ्या भागावर आता दुकानं, घरं आणि कॉलेज आहे. मी तिथेच भाजी आणायला जातो, रोव्हर घेऊनच.

पण ब्रिस्टल रोडने शहरात शिरलो की दिवसाचे ८ पौंड मोजायचे. जून २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या मध्यभागी स्वच्छ हवेचा झोन आहे आणि धुराच्या ‘युरो ६’ या नियमाआधीच्या डिझेल गाड्यांना पट्टी पडते. गाडी इथलीच, पण माहेरी यायचं तर पैसे भरून! हवेचं कारण पटतं, तरी दर वेळी चडफडतो.

बाबांना फोनवर हे रडगाणं सांगितलं. ते पिंपरीत टाटांच्या कारखान्यात होते. इंडिकाचीच सिटीरोव्हर करून २००३ पासून पुण्याहून इकडे पाठवत, ते दिवस त्यांनी पाहिलेत. शिवाय २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हरबरोबर ‘रोव्हर’ हे नावही टाटांकडेच आलं.

“मग तुझे आठ पौंड आमच्याकडे माग की,” म्हणाले, “पावती जपून ठेव फक्त.”