घूस, घुबड आणि काकू

रताळ्याचा वेल जरा बाजूला करायला धरला, तर अख्खा हातात आला. खाली ना मूळ, ना रताळं. शेजारी ताज्या मातीचा ढीग आणि एक ऐसपैस बीळ. घूस!

मी तावातावाने विषाचं बोलू लागले, तशा शेजारच्या काकू कुंपणापलीकडून शांतपणे म्हणाल्या, "घाल की. घूस मरेल, ती खाऊन घुबड मरेल. मग पुढची घूस कोण खाणार, तू?"

दिवसभर हे डोक्यातून जाईना. रक्त गोठू न देणारी विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंदावून फिरतो आणि नेमका तोच घुबडाला आयता सापडतो. म्हणजे आपण आपलाच राखणदार मारायचा!

मग उरते जाळी. जस्ताचा मुलामा दिलेली, अर्ध्या इंचाहून मोठी भोकं नसलेली. वाफ्याभोवती दीड-दोन फूट खोल पुरायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवायची. प्लॅस्टिकची नको, यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडणं हा त्यांचा नाइलाजच आहे.

काम कंबरमोड आहे, हे खरं. त्याआधी सगळी बिळं मातीने बुजवून ठेवलीत. उद्या जे पुन्हा उकरलेलं दिसेल, तेच वापरातलं. जाळी लावताना घूस आतच राहिली तर सगळंच मुसळ केरात.

तिला विषाशिवाय बाहेर कसं काढता तुम्ही?