धुकं कुठून आलं?

लंडनच्या एका लिलावघरात मी जपानी छापचित्रांची किंमत ठरवते. एक बाई आणि तिचा भाऊ फ्रेम घेऊन आले, तेव्हा किंमत त्यांनी घरूनच ठरवून आणली होती. जपानी चित्रकार हिरोशी योशिदांच्या 1926च्या शिडांच्या होड्या. त्याच लाकडी ठशांवर नुसते रंग बदलून योशिदांनी सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशी निरनिराळी चित्रं छापली. यांच्याकडचं ‘धुकं’, असं आजोबांपासून चालत आलेलं. पाणी फिकट, करडं, वाटावंही तसंच.

मी फ्रेम उघडून माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, कड उचलली. खाली नखाएवढी रुंद पट्टी, चक्क केशरी-पिवळी! म्हणजे मूळ चित्र ‘सकाळ’. बाकीचा रंग उन्हाने खाल्ला.

“मग धुकं कुठून आलं?” भावाने विचारलं.

“तुमच्या खिडकीतून.”

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण फ्रेमवाल्याने मापात बसवायला चारही समास कापले होते. आणि योशिदांच्या चित्राची निम्मी किंमत समासात असते. डावीकडे ‘जिझुरी’ शिक्का, म्हणजे छपाई त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालेली. खाली पेन्सिलीची सही. (समासात कोरलेल्या सालावर मात्र भाळू नये. ते ठशातच असतं, नंतरच्या छपाईतही उमटतं.) कागद उलटून पाहिला. रंग आरपार मुरलेला, बारेनने, म्हणजे कागद ठशावर दाबायच्या गोल चकतीने, घासल्याच्या गोल खुणा स्पष्ट. हातछपाई नक्की. पण योशिदांच्या हयातीतली की 1950मध्ये ते गेल्यानंतरची, हे छातीठोकपणे लिहायला काही उरलं नव्हतं. मी आकडा सांगितला. दोघांचे चेहरे पडले.

मग बाईंनी पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं. “यातलं चित्र कुठलं ते कोणालाच कळलं नाही, म्हणून कधी लावलं नाही.”

मी औरंगाबादची. मला न कळून कसं चालेल? वेरूळ! 1930-31मध्ये योशिदा भारतात फिरले, त्या दौऱ्यातलं. समास शाबूत, शिक्का जागच्या जागी, पेन्सिलीची सही, रंग ताजे. याचा आकडा होड्यांच्या कितीतरी पट निघाला.

भाऊ लगेच म्हणाला, “हे नको विकायला. छान फ्रेम करून हॉलमध्ये लावू.”

मी पाकीट आधी माझ्याकडे ओढून घेतलं, आणि मग त्यांना समासाला कात्री न लावणाऱ्या फ्रेमवाल्याचा नंबर लिहून दिला.