परळ-लालबागला घर घ्यायचं म्हणताय?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या नि त्या जागी मॉल, टॉवर आले हे सगळ्यांना माहितीये, पण चाळी अजून आहेत आणि आम्ही त्यातच राहतो. गणपतीत झोप विसरायची, तरी आई ठाण्याला जायला तयार नाही!

चाळीतली खोली स्वस्त दिसते म्हणून लोक भुलतात. अहो ती पागडीची असते, म्हणजे तुम्ही भाडेकरूच, भाडं किरकोळ पण खोली नावावर करताना घरमालक वाटा घेणार, बरेचदा ३३ टक्के, आणि बँका होमलोनला सहसा उभं करत नाहीत. मग घेतात कशाला? रिडेव्हलपमेंटसाठी. सेसवाली, म्हणजे दुरुस्तीसाठीचा सेस (कर) भरणारी जुनी बिल्डिंग असेल तर विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली कमीत कमी ३०० स्क्वेअर फूट कार्पेट मिळतं, फुकट. कधी मिळेल ते मात्र विचारू नका, नवी बिल्डिंग होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर कुणाला वर्षानुवर्षं भाडं देतो, कुणाचं मध्येच बंद.

टॉवरमध्ये घेणार असाल तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साईटवर ताब्याची तारीख बघा. आणि मेंटेनन्स विचारा, तो ऐकूनच आमच्या शेजारच्या काकांनी रिडेव्हलपमेंटमध्ये मिळालेला फ्लॅट भाड्याने देऊन बदलापूर गाठलं.